प्लास्टिकच्या छोट्या टेरारियमसाठी सुरक्षित दिवा कसा निवडावा : सोलापूरच्या हवेत पहिल्यांदाच मांडणी करणाऱ्यांसाठी

टेरारियमविषयी, म्हणजे पारदर्शक बंद डब्यात माती घालून वाढवलेल्या छोट्या बागेविषयी, जे काही लिहिलेले सापडते, ते बहुधा जाड काचेची बरणी आणि वीस-पंचवीस अंशांची खोली गृहीत धरून लिहिलेले असते. आपल्याकडे सुरुवात करणारा माणूस मात्र किराणा दुकानातली गोळ्या-बिस्किटांची रिकामी बरणी, शेंगाचटणीचा पारदर्शक डबा किंवा ऑनलाइन मागवलेली ॲक्रिलिकची पेटी घेतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज चढणाऱ्या गावात, बहुतेक वेळा स्लॅबच्या घरात, ती ठेवतो. या दोन गोष्टींमुळे दिव्याची निवड पार बदलते. काचेला जी उष्णता जाणवतही नाही तिने प्लास्टिकचे झाकण वाकते आणि थंड खोलीत निभावून जाणारा दिवा इथे मे महिन्यात झाडे अक्षरशः शिजवून काढतो. दिवा किती उजेड देतो हे खोक्यावर छापलेले असते. तो डब्याच्या आतले तापमान किती अंशांनी वाढवतो हे मात्र तुम्हालाच मोजावे लागते, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष तोच आहे.

हा लेख फक्त झाडांच्या टेरारियमपुरता आहे. प्राण्यांसाठी लागणारे उष्णतेचे व अतिनील किरणांचे दिवे हा वेगळा विषय आहे. शिवाय बाजारात सर्रास विचारले जाणारे तारांकित कासव घरी पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही नवख्यांनी लक्षात ठेवावे.

लागणारे साहित्य

- एलईडी बल्ब व होल्डर असलेला टेबल लॅम्प, किंवा १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिचा अडॅप्टर
- पट्टी वापरणार असाल तर ती चिकटवायला ॲल्युमिनियमची चॅनेल (लांब, अरुंद पन्हळ)
- वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर. दोन मिळाले तर उत्तम
- प्लगमध्ये बसणारा टायमर
- उजेड मोजण्याचे ॲप असलेला मोबाइल
- मऊ सुती कापड, मोजपट्टी, दोरा
- बल्ब, अडॅप्टर व टायमरची पावती. वॉरंटीसाठी तीच मागतात, त्यामुळे खोक्यासकट जपून ठेवावी

१. डबा कोणत्या प्लास्टिकचा आहे ते ओळखा

डब्याच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा उठवलेला असतो. १ म्हणजे पेट. किराणा दुकानातल्या बहुतेक पारदर्शक बरण्या याच प्लास्टिकच्या असतात आणि दिव्याच्या दृष्टीने तेच सगळ्यात नाजूक, कारण सत्तर अंशांच्या आसपास पेट मऊ पडू लागते. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते काचेसारखे स्वच्छ दिसते, पण ठिसूळ असते आणि शंभर अंशांच्या जवळ गेल्यावर आकार सोडते. ॲक्रिलिकही साधारण त्याच पट्ट्यात मऊ होते. त्यावर आकडा बहुधा नसतो, पण कापलेली कड चकचकीत दिसते. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते उष्णता बऱ्यापैकी सोसते, परंतु दुधाळ असल्यामुळे आतले काही नीट दिसत नाही आणि टेरारियमची मजाच जाते.

सत्तर अंश हा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. झाकणाच्या मध्यावर रोज दहा तास उष्णता पडत राहिली तर त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही पातळ झाकण हळूहळू खोलगट होते. झाकण बसेनासे झाले की ओल टिकत नाही आणि बंद टेरारियम चालत नाही.

२. उष्णता देणारे दिवे यादीतूनच काढून टाका

साधा पिवळा बल्ब, हॅलोजन आणि मासे-पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा उष्णतेचा बल्ब, हे तिन्ही प्लास्टिकच्या डब्यासाठी बाद समजावेत. साध्या बल्बमध्ये गेलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेतच जातो. ६० वॅटच्या बल्बची काच शंभर अंशांच्या वर तापते आणि हॅलोजनची त्याहून कितीतरी अधिक. असा दिवा कलंडून झाकणावर टेकला तर झाकणाला भोक पडेलच, पण आगीचा धोकाही खराच आहे. जुना टेबल लॅम्प घरात पडून असेल तर लॅम्प ठेवा, आतला बल्ब बदला.

जांभळा उजेड देणारे ‘ग्रो लाइट’ घेतलेच पाहिजेत असा आग्रह विक्रेते धरतात. पानांच्या लहान झाडांना त्याची गरज नसते. पांढऱ्या एलईडीत लाल आणि निळा दोन्ही भाग पुरेसे असतात, शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की काळवंडले हेच कळत नाही. जंतुनाशक अतिनील दिव्यांचा तर विचारही करू नका. डोळ्यांना व त्वचेला ते अपायकारक असतात आणि अतिनील किरणांनी प्लास्टिक पिवळे पडून तडकते.

खिडकीतले थेट ऊन हेही याच यादीत घालावे. बंद डब्यात ऊन शिरते आणि झालेली उष्णता आतच कोंडते. पश्चिमेच्या खिडकीत मे महिन्यातल्या एका दुपारीच सगळे शेवाळ तपकिरी होऊ शकते. दिव्याचा खटाटोप आपण करतो तो मुख्यतः डबा उन्हापासून दूर, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवता यावा म्हणून.

३. झाडांना किती उजेड लागेल ते ठरवा

फिटोनिया, लहान नेचे, शेवाळ, पेपेरोमिया, सेलाजिनेला ही टेरारियममधली नेहमीची मंडळी जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी आहेत. त्यांना पानांच्या पातळीवर साधारण एक ते अडीच हजार लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड रोज आठ ते बारा तास मिळाला की पुरतो. मोबाइलमधले ॲप अचूक नसते, तरी दोन जागांची तुलना करायला चांगले उपयोगी पडते. मोबाइलचा सेन्सर झाडाच्या जागी, दिव्याकडे तोंड करून धरावा.

९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड, देतो. तो एका फुटावर टांगला तर खाली अंदाजे दीड हजार लक्स मिळतात, वर पांढरी शेड असेल तर त्याहून अधिक. बल्ब दोन फुटांवर नेला की उजेड निम्मा होत नाही, जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणजे दिवा चार बोटे वर-खाली केल्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि वॅट वाढवण्याआधी उंची बदलून पाहणे केव्हाही स्वस्त. वीतभर डब्याला ५ ते ९ वॅट पुरेसे आहेत. रंगासाठी खोक्यावर ६५०० केल्विन, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘कूल डे लाइट’, पाहून घ्या. ४००० केल्विनही चालतो. पिवळसर ‘वॉर्म’ बल्बाने झाडे मरत नाहीत, पण हिरवा रंग मळका दिसतो.

४. बल्ब घ्यावा की पट्टी?

एकच बरणी असेल तर माझे मत स्वच्छपणे बल्बच्या बाजूने आहे. तो कोणत्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, बिघडला तर बदलता येतो आणि बरणीपासून दूर ठेवता येतो. लांबट पेटी असेल किंवा फळीवर तीन-चार डबे ओळीने ठेवायचे असतील तर पट्टी सोयीची, कारण उजेड सारखा पसरतो.

नवी पेठेत किंवा घराजवळच्या दुकानात बल्ब घेताना त्यावर आयएस १६१०२ हे मानक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते पाहावे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. रस्त्यावर ढिगात मिळणारे बिननावाचे बल्ब एरवी जिन्यात लावायला घ्या हवे तर. दिवसाचे दहा तास, ओल असलेल्या डब्याशेजारी चालणाऱ्या दिव्यासाठी ते नकोत.

पट्टी घेताना सगळ्यात धोकादायक गफलत व्होल्टेजची होते. गणपती-दिवाळीत गॅलरीला लावतात ती रोलमधून मीटरवर कापून मिळणारी लाइट आणि १२ व्होल्टची पट्टी दुकानात शेजारीशेजारी टांगलेल्या असतात आणि दिसायलाही मिळत्याजुळत्या असतात. पहिलीत थेट २३० व्होल्ट खेळत असतात. तिचे कापलेले टोक ओल्या डब्याजवळ उघडे राहिले तर झटका जीवघेणा ठरू शकतो. पट्टीवर ‘१२ व्होल्ट डीसी’ असे छापलेले दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. १२ व्होल्टची पट्टी कात्रीची खूण असेल तिथेच, बहुधा दर तीन दिव्यांनंतर, कापायची असते.

अडॅप्टरचे गणित सोपे आहे. मीटरमागे १४.४ वॅटची पट्टी अर्धा मीटर लावली तर ७.२ वॅट लागतात. १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर १२ वॅट देतो. क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर भार नेऊ नये, म्हणजे हा अडॅप्टर इथे आरामात चालेल. जुन्या राउटरचा अडॅप्टर घरात असेल तर त्यावरचे व्होल्ट, अँपिअर आणि प्लस-मायनस वाचूनच जोडा.

५. दिवा डब्याबाहेर, झाकणापासून अंतर राखून बसवा

एलईडी थंड असतो ही समजूत अर्धीच खरी आहे. त्याच्या उजेडासोबत फारशी उष्णता पुढे येत नाही, परंतु विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णताच होतो आणि ती बल्बच्या मानेकडे किंवा पट्टीच्या पाठीकडे साठते. त्यामुळे पट्टी थेट झाकणाला चिकटवणे ही नवख्यांची सर्वांत आवडती युक्ती टाळली पाहिजे: पट्टीची पाठ म्हणजे तिची तापणारी बाजू, आणि तीच आपण प्लास्टिकला चिकटवत असतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलवर चिकटवा आणि चॅनेल झाकणाच्या वर किमान चार बोटे अंतर सोडून फळीच्या खालच्या बाजूला किंवा छोट्या स्टँडवर बसवा. बल्बला झाकणापासून एक वीत तरी मोकळी जागा हवी. त्याची मान बंद शेडमध्ये कोंडू नका. आतले सर्किट तापून बल्ब लवकर जातो.

चिमट्याचा लॅम्प वापरत असाल तर तो घसरून खाली आला तरी झाकणावर पडणार नाही अशा बाजूने लावा आणि दोऱ्याने बांधून टाका. घरात मांजर असेल तर हे सांगावे लागणार नाही.

६. झाडे लावण्याआधी तापमानाची चाचणी घ्या

बहुतेक लोक हीच पायरी गाळतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

डब्यात नेहमीप्रमाणे खडी, कोळसा व ओलसर माती भरा, झाडे लावू नका. थर्मामीटरचा सेन्सर मातीच्या दोन बोटे वर, झाडांची पाने येतील तिथे टांगा आणि त्याच्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा छत्रीसारखी सावली धरेल असा लावा. हा तुकडा आवश्यक आहे, कारण सेन्सरचा काळा ठिपका थेट उजेडात राहिला तर तो स्वतःच तापतो आणि हवेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. दुसरा थर्मामीटर त्याच टेबलावर, दिव्याच्या उजेडाबाहेर ठेवा. झाकण लावा, दिवा सुरू करा आणि तीन तासांनी दोन्ही आकडे लिहून घ्या. आतल्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा केला की दिव्याने केलेली वाढ मिळते.

ही वाढ ऋतूनुसार फारशी बदलत नाही, खोलीचे तापमान मात्र खूप बदलते. समजा वाढ ५ अंश आली. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, खोली २४ अंशांवर असते. आत २९ होतील आणि सगळे छान चालले आहे असे वाटेल. तीच खोली मे महिन्यात दुपारी ३६ अंशांवर असते आणि आत ४१ होतात. टेरारियममधली बहुतेक झाडे ३२ अंशांच्या वर त्रासू लागतात; बंद, दमट डब्यात पस्तिशीच्या पुढे काही दिवस काढावे लागले तर फिटोनिया आधी माना टाकते, मग शेवाळ जाते आणि मागोमाग बुरशी येते. हिवाळ्यात मांडलेली टेरारियम उन्हाळ्यात अचानक का मरतात याचे उत्तर बहुतेक वेळा या वजाबाकीत सापडते.

वाढ २ अंशांपर्यंत असेल तर मांडणी उत्तम. २ ते ४ असेल तर हिवाळ्या-पावसाळ्यात चालेल, उन्हाळ्यात वेळ बदलावी लागेल. त्याहून जास्त असेल तर दिवा वर घ्या, कमी वॅटचा लावा, आणि चाचणी पुन्हा घ्या. झाकणाला भोके पाडून उष्णता घालवण्याचा मोह आवरा. ओल निघून जाईल आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत माती लगेच सुकेल.

चाचणी संपताना दोन गोष्टी जवळून पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला बाष्पाचे बारीक थेंब जमलेले असतात. दिव्याच्या बरोबर खाली त्या थेंबांत रुपयाएवढे कोरडे, स्वच्छ वर्तुळ पडले असेल तर झाकण तिथे आसपासच्यापेक्षा तापते आहे. मग झाकणावर मोजपट्टी आडवी ठेवा आणि खालून उजेड दिसतो का पाहा. फट दिसली तर झाकण वाकायला लागले आहे. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला तर आकडे पाहत बसू नका, दिवा बंद करा.

७. पाणी आणि वीज यांची गाठ पडू देऊ नका

२३० व्होल्टचे काहीही डब्याच्या आत जाता कामा नये, मग ते कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकले जात असो. स्प्रे मारताना दिवा बंद करून प्लग काढावा. वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या पातळीच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडते आणि बोर्डात शिरत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड डब्याच्या खाली किंवा जमिनीवर नको. अडॅप्टरही उंचावर, मोकळ्या हवेत ठेवावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर वायरमनला बोलावून बसवून घ्यावा; टेरारियम नसले तरी तो हवाच.

८. टायमर आणि उन्हाळ्याचे वेळापत्रक

दिवा हाताने चालू-बंद करायचा ठरवला की आठवड्याभरात विसर पडतो. टायमर दोन प्रकारचे मिळतात. गोल चकतीचा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असलेला टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते. तीन तास वीज गेली तर तो तीन तास मागे पडतो आणि पहाटेचा दिवा भर सकाळी लागतो. आपल्याकडच्या भारनियमनाचा आणि वळवाच्या पावसातल्या खंडित विजेचा विचार करता आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा.

जून ते फेब्रुवारीपर्यंत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही वेळ ठीक आहे. मार्चच्या मध्यापासून मात्र ती बदलावी. उजेड सूर्याबरोबरच मिळाला पाहिजे असे झाडांचे काही म्हणणे नसते. रोज त्याच वेळी उजेड आणि त्यानंतर सलग सात-आठ तास अंधार मिळाला की त्यांचे भागते. स्लॅबच्या घरात, विशेषतः वरच्या मजल्यावर, भिंती रात्री अकरापर्यंत गरम असतात आणि खोली सगळ्यात थंड होते ती पहाटे. म्हणून उन्हाळ्यात पहाटे तीन ते सकाळी अकरा ही आठ तासांची वेळ लावावी. दुपारचे सगळ्यात तापलेले तास दिव्याविना जातात. झोपायच्या खोलीत डबा असेल तर ही वेळ घरच्यांना मानवणार नाही, तेव्हा तो आधीच दुसरीकडे हलवलेला बरा. जुन्या वाड्यातली माळवदी, म्हणजे लाकूड-मातीच्या जाड छताची, खोली उपलब्ध असेल तर तिच्यासारखी जागा नाही.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. ९ वॅटचा बल्ब रोज दहा तास चालला तरी महिन्याला तीन युनिटही पुरे होत नाहीत.

९. पहिल्या महिन्यात काय पाहावे आणि डबा कसा पुसावा

झाडांच्या दांड्या लांबुळक्या होऊन दोन पानांतले अंतर वाढू लागले तर उजेड कमी पडतो आहे. दिवा थोडा खाली आणा आणि तापमान पुन्हा मोजा. पानांचा रंग उडून ती फिकट, कागदासारखी झाली किंवा डब्याच्या भिंतीवर हिरवा थर चढू लागला तर उजेड जास्त आहे. तास कमी करा. दोन्ही बदल एकदम करू नयेत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. एक बदल केल्यावर दोन आठवडे थांबावे.

उजेड कमी होण्याचे आपल्याकडचे एक कारण दिव्यात नसतेच. झाकणावर बाहेरून धूळ बसते आणि आतून जड पाण्याचे पांढरे डाग पडतात. स्प्रेसाठी आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरले तर डाग पडत नाहीत. पुसायला साबणाचे अगदी सौम्य पाणी आणि मऊ ओले कापड पुरे. स्पिरिट, सॅनिटायझर किंवा थिनर ॲक्रिलिकला लावू नका. त्याने पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते आणि ते कशानेही निघत नाही. भांडी घासायच्या पावडरीने आणि काथ्याने ओरखडे पडतात. पट्टी लावली असेल तर पावसाळ्यात तिचा गोंद सुटतो का यावर लक्ष ठेवा; चॅनेलसोबत मिळणारे प्लास्टिकचे झाकण किंवा प्रत्येक वितीवर एक क्लिप लावली की पट्टी सुटून डब्यावर लोंबत नाही.